बाद झालेले एकावन्न डाव

कारखान्यात तिला सगळे नापासबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. विजेचे बल्ब बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलाशी बसत होती. हजार बल्बांचा एक लॉट यायचा. त्यातले पन्नास काढायचे, एकेक सॉकेटमध्ये फिरवून पेटवून बघायचे, आणि दोनाच्या वर फुसके निघाले की अख्ख्या लॉटवर लाल शिक्का हाणायचा: नापास. सुपरवायझर विनवण्या करायचा, पॅकिंगवाले नाकं मुरडायचे, बाई ढिम्म हलायची नाही.

ते पन्नास कुठले काढायचे हे ती दुसऱ्या कुणाला ठरवू द्यायची नाही. एकदा एका पॅकिंगवाल्याने मदतीचा आव आणून "घ्या बाई, तुमचे पन्नास काढूनच ठेवलेत" म्हणून ट्रे पुढे सरकवला. बाईने ट्रे बाजूला ठेवला आणि खोक्यांच्या तळातून दुसरे पन्नास उपसले. त्या लॉटची पुढे काय गत झाली ते सांगायला नको. पॅकिंगवाला महिनाभर तिच्या टेबलासमोरून जाताना मान वर करत नव्हता.

आता असा माणूस घरी आल्यावर संशयाचा चष्मा खुंटीला अडकवून ठेवतो थोडाच? घरीही तीच तऱ्हा. त्यातून गेल्या सहा-आठ महिन्यांत तर तिच्या संशयाला ऊत आला होता. साखर भराभर संपायला लागली, म्हणजे दुकानदार मापात मारतो. वर्तमानपत्र दिवसाआड गायब व्हायला लागलं, म्हणजे खालच्या मजल्यावरची शेजारीण उचलते. गॅस दोनदा चालू राहिला, म्हणजे मिस्त्रीने बटण ढिलं बसवलं. तिघांनाही तिने फैलावर घेतलं. दुकानदाराने शपथा घेतल्या, शेजारणीने बोलणं टाकलं, मिस्त्री बिचारा फुकटात नवं बटण बसवून गेला.

या सगळ्यात नवरा मात्र शांत. तो बस चालवायचा, एकतीस वर्षं. क्लच दाबून दाबून गुडघे कामातून गेले आणि निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांनी पुरता असहकार पुकारला. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दीड वर्ष तो खाली उतरलेला नव्हता. खिडकीत खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्या बघायचा आणि कुठल्या ड्रायव्हरने वळण कसं चुकवलं ते बायकोला ऐकवायचा. ज्याने आयुष्यभर रोज अर्धं शहर पालथं घातलं तो दोन खोल्या आणि एक खिडकी एवढ्यात आला होता. तक्रार करायचा नाही. तिला तेच बघवत नव्हतं.

म्हणून तर तिने त्या तीन पडद्यांच्या कार्यक्रमासाठी अर्ज भरला. टीव्हीवर दर शनिवारी लागायचा. तीन पडदे, एकामागे बक्षीस, दोनांमागे काही नाही. तुम्ही एक पडदा सांगायचा. मग तो सूटबूटवाला सूत्रसंचालक उरलेल्या दोनांतला एक रिकामा पडदा उघडून दाखवणार आणि गोड हसून विचारणार, "आपल्याच पडद्यावर ठाम आहात, की बदलताय?" यंदाचं बक्षीस होतं एका बिल्डरने देऊ केलेलं दोन खोल्यांचं घर. तळमजल्यावरचं. दारासमोर झाडं, पलीकडे बस-थांबा. तिने अकरा वेळा अर्ज भरला आणि बाराव्या वेळी बोलावणं आलं. चित्रीकरणाला तीन आठवडे होते.

तिची भाची शाळेत गणित शिकवते. ती बातमी ऐकून धावतच आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मावशी, डोळे झाकून बदलायचं. बदललंस तर तीनात दोन वेळा जिंकशील. नाही बदललंस तर तीनात एकदा."

"काहीतरीच," नापासबाई म्हणाली. "दोन पडदे उरले. एकात आहे, एकात नाही. अर्धं-अर्धं. आणि तो मेला मला बदल म्हणून सुचवतोय म्हणजे माझाच बरोबर असणार. फुकटात कोण कुणाला भलं सुचवतं?"

"बरं, हे ऐक. हजार बल्ब आहेत, चांगला एकच. तू न बघता एक उचललास. मला चांगला कुठला ते माहीत आहे. उरलेल्यांतले नऊशे अठ्ठ्याण्णव फुसके मी काढून टाकले आणि एक तेवढा ठेवला. आता तुला तुझा हवा की माझा?"

बाईने क्षणभर विचार केला. "तुझा."

"का?"

"तू जाणून ठेवलास म्हणून. मी आपला आंधळेपणाने उचलला होता."

"झालं तर. तिथे हजार, इथे तीन. बाकी तेच."

"पण तो सूटवाला दर वेळी जाणूनच रिकामा उघडतो हे कशावरून?" बाई लगेच म्हणाली. "लोकांचा बरोबर असेल तेव्हाच बदला म्हणत असला तर?"

भाची हसली, पण प्रश्न बिनतोड होता. मग दोघींनी कार्यक्रमाकडून आलेलं नियमांचं पत्रक काढलं. नापासबाईने भिंग घेऊन सतराच्या सतरा कलमं वाचली. नवव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं: बक्षीस कुठे आहे ते सूत्रसंचालकाला माहीत असेल आणि तो प्रत्येक वेळी, कुठलाही अपवाद न करता, रिकामा पडदाच उघडेल. तेवढ्यापुरता सूटवाला पास झाला. भाचीचं गणित मात्र अजून पास व्हायचं होतं. तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हा तिचा खाक्या.

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आल्यावर तालीम सुरू झाली. टेबलावर तीन स्टीलच्या वाट्या उपड्या, त्यांतल्या एकीखाली टॉर्चमधला इवलासा बल्ब. नवरा सूत्रसंचालक. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, तो बल्ब लपवायचा आणि "झालं" म्हणायचा. ती वळून एक वाटी सांगायची, तो उरलेल्या दोनांतली एक रिकामी उचलायचा, आणि ती दर वेळी न चुकता वाटी बदलायची. वहीत रेघ: जिंकले, हरले.

नवऱ्याला आधी मोठी मजा वाटली. तो घसा खाकरून, हात पसरून बोलायचा, "बोला बाईसाहेब, ठाम की बदल?" कधी कधी त्याचा हात सटकायचा आणि तो नेमकी बल्बवालीच वाटी उचलायचा. बल्ब टेबलावर लख्ख दिसायचा. "अरेच्चा, चुकून. हा डाव बाद. परत," असं म्हणून तो पुन्हा मांडायचा. बाई वहीत बाजूला "बाद" अशी रेघ मारायची आणि पुढे जायची. पहिल्या दिवशी तिने दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी चिडली.

"अहो, नीट लक्ष द्या की. किती वेळा सटकतो हात?"

"स्टिअरिंगवर बसलेला हात आहे तो, वाट्यांवर नाही," तो म्हणाला आणि हसला. हसण्यापूर्वी जरासा थांबला होता, हे तिला दिसलं. तिला सगळं दिसतं. पण त्याचा अर्थ तिने भलताच लावला.

दहा दिवसांनी तिने हिशेब मांडला. धरलेले डाव एकशेवीस. वाटी बदलून जिंकलेले त्रेसष्ट. भाचीच्या गणिताने ऐंशीच्या आसपास यायला हवे होते, आणि हे तर सरळसरळ निम्मे. म्हणजे पहिल्या दिवशी ती म्हणाली होती तेच. अर्धं-अर्धं.

आता तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. भाची पुस्तकी आहे, तिला वर्गातलं गणित येतं, टेबलावरचं नाही. की वाट्यांत काही खोट आहे? तिने वाट्या बदलल्या. की नवराच मुद्दाम गोंधळ घालतोय? त्याला हे घर सोडायचंच नसेल. तळमजल्यावर गेलो तर खिडकीतून रस्ता दिसणार नाही, म्हणून आपला निकाल बिघडवत असेल. तोंडाने चकार शब्द काढायचा नाही आणि आतून खेळी करायची, पुरुषांची जातच तशी. तिने दोन दिवस त्याच्याशी तुटक बोलून पाहिलं. त्याने काहीही विचारलं नाही, उलट जास्तच गप्प झाला. त्यामुळे तिचा संशय पक्का झाला.

रविवारी भाची आली. बाईने वही तिच्यापुढे आपटली. "हे बघ तुझं तीनात दोन. एकशेवीसात त्रेसष्ट."

भाचीने वही नीट पाहिली. असं होणं अगदीच अशक्य नाही, पण फारच कठीण, असं काहीतरी पुटपुटली. मग तिचं बोट समासातल्या रेघांवर थांबलं.

"या कसल्या?"

"ते बाद. त्याचा हात सटकायचा, बल्बवालीच वाटी उचलायचा. ते मी धरलेच नाहीत."

"एकावन्न आहेत हे."

"असतील."

"मावशी, एकावन्न वेळा हात सटकतो का कुणाचा?" भाचीने आवाज एकदम खाली आणला. नवरा पलीकडच्या खोलीत खिडकीत बसलेला होता. "बदललं की तीनात दोन, हे कधी? उघडणाऱ्याला बल्ब कुठे आहे ते माहीत असेल तर. त्याला माहीत नसेल, तो आपला अंदाजाने उचलत असेल, तर तीनात एकदा बल्ब उघडा पडणार आणि उरलेल्यांत बदलून अर्धं-अर्धंच येणार. तुझ्या वहीत तेच तर आलंय. गणित बरोबर आहे." ती थांबली. "काकांना बल्ब कुठे ठेवला ते माहीत असतं ना?"

"न माहीत असायला काय झालं? त्यांनीच तर ठेवलेला असतो," नापासबाई म्हणाली. आणि बोलता बोलताच तिने वही मिटून टाकली.

बाईने तिला चहा न देताच घरी पाठवलं.

मग ती नवऱ्याला म्हणाली, "या, दहा डाव खेळू." या खेपेला ती भिंतीकडे नाही, कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. कपाटाला आरसा होता. नवऱ्याने डावीकडच्या वाटीखाली बल्ब ठेवलेला तिने आरशात पाहिला. "झालं." ती वळली आणि मधली वाटी सांगितली. आता त्याने उजवी उचलायची, दुसरा पर्यायच नव्हता. त्याचा हात उजवीवर गेला, तिथून डावीवर आला, परत उजवीवर गेला. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे उत्तर लिहिलंय असं वाटून. आणि डावी उचलली. बल्ब टेबलावर होता.

"अरेच्चा," तो म्हणाला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला आठवत नाही."

त्याने टेबलावरचा बल्ब उचलून मुठीत धरला. मग म्हणाला, "ठेवल्याचं आठवतं गं. पण ते आत्ताचं की मघाचं, तेच कळत नाही. सगळे डाव एकात एक मिसळतात."

"कधीपासून?"

"झाले असतील सात-आठ महिने."

साखर, वर्तमानपत्र, गॅस. चहात दोनदा साखर घालणारा तोच, वर्तमानपत्र कुठेतरी ठेवून विसरणारा तोच, बटण बंद करायचं राहिलं तेही त्याच्याकडूनच. साऱ्या जगावर तिने संशय घेतला होता, दुकानदारापासून सूटवाल्यापर्यंत कुणाला सोडलं नव्हतं. आणि रोज दोन हातांच्या अंतरावर बसणारा हा माणूस तिच्या तपासणीतून निसटला होता. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"मला का नाही सांगितलंत?"

त्याने वाटी उलटी-सुलटी केली. "तू तपासणारी बाई. एकदा तुझ्या हाताला लागलो की मग माझं प्रत्येक बोलणं तपासलं असतंस. मला ते नको होतं. अजून थोडे दिवस पास राहावं म्हटलं."

त्यावर ती रडली. लग्न झाल्यापासून ती त्याच्यासमोर दोनदा रडली होती, हे तिसरं. तो आपला तिच्या पाठीवर हात ठेवून "असू दे, असू दे" म्हणत राहिला, जणू विसरायचा आजार तिलाच झाला होता.

डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की यांना कोंडून ठेवू नका. माणसांत जाऊ द्या, चार पावलं चालू द्या, चार चेहरे दिसू द्या. म्हणजे ते तळमजल्यावरचं घर आधी हवंसं होतं, आता गरजेचं झालं. नापासबाईने उरलेले दिवस भाचीबरोबर तालीम केली. भाचीला बल्ब कुठे आहे ते माहीत असायचं. नव्वदात एकसष्ट. गणित पास झालं.

चित्रीकरणाच्या दिवशी भाची सकाळीच येऊन काकांपाशी थांबली. स्टुडिओत बाईला पावडर लावली, खुर्चीवर बसवलं, दिव्यांच्या उजेडात उभं केलं. तिने प्रत्येक दिवा तपासून पाहिला, त्यातला एक लुकलुकत होता. तिने मधला पडदा सांगितला. सूटवाल्याने डावा उघडला, रिकामा. मग गोड हसून तो म्हणाला, "काय बाई, ठाम आहात, की बदलताय?"

तिच्या अंगात सव्वीस वर्षांचा संशय खडबडून जागा झाला. हा हसतोय का? याच्या हसण्यात काय आहे? जवळपास "ठाम" असं ओठांवर आलं होतं. मग तिच्या मनात आलं की या माणसाला माहीत आहे. उघडताना याचा हात इकडून तिकडे गेला नाही, की याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिला टेबलावरचा तो दुसरा हात आठवला.

"बदलते," ती म्हणाली.

उजवा पडदा वर गेला. मागे काहीच नव्हतं. घर मधल्या पडद्यामागे होतं, तिने पहिल्यांदा सांगितलेल्या. लोकांनी हळहळ व्यक्त केली, सूटवाल्याने तिचा हात हातात घेतला आणि तिला एक मिक्सर देऊन बाहेर पाठवलं.

दुपारी ती चार मजले चढून आली. प्रत्येक मजल्यावर थांबत होती, दम लागला म्हणून नव्हे. काय सांगायचं ते सुचत नव्हतं. तीनातला एक डाव जातोच, हे तिला वहीभर रेघांनी पटलेलं होतं, पण नेमका हाच का जावा, हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं.

दार त्यानेच उघडलं. भाची आत स्वयंपाकघरात होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग डाव्या तळहाताकडे ओझरतं पाहिलं, आणि विचारलं, "पडदा बदललास ना?"

"बदलला."

"मग?"

"रिकामा निघाला."

त्याने पुन्हा एकदा खाली पाहिलं. "बदललास ना? मग तुझं काही चुकलं नाही."

तिने त्याचा हात धरला आणि पालथा होता तो उलटा केला. तळहातावर बॉलपेनने बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, घामाने थोडं फिसकटलेलं. *ती पडद्यांच्या कार्यक्रमाला गेली आहे. पडदा बदललास का, विचारणे. हरली तर: तुझं काही चुकलं नाही. जिंकली तर: खाली जाऊ.*

तिने ते दोनदा वाचलं. दीड वर्षात तो तीन-चार वेळा म्हणाला होता की बसत बसत, थांबत थांबत उतरून बघू का. दर वेळी तिने साफ नाही म्हटलं होतं. कठडा हलतो, पायऱ्या झिजल्यात, तुमच्या गुडघ्यांचा भरवसा नाही. जिना तिने नापास करून टाकला होता, एकदाही न तपासता.

"चपला घाला," ती म्हणाली.

"कुठे जायचंय?"

"खाली."

भाचीने स्टूल घेतलं. तीन-तीन पायऱ्या उतरायच्या, स्टूल टेकवायचं, त्याला बसवायचं, दम घेऊ द्यायचा. नापासबाई एक पायरी पुढे, उलटी उतरत होती, त्याचे दोन्ही हात धरून. तिसऱ्या मजल्यावर शेजारीण दारात आली आणि न बोलता बाजूला सरली. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं लागली. त्याचा सदरा घामाने भिजला होता, पण चेहरा उजळला होता.

पहिल्या मजल्यावर स्टुलावर बसल्या बसल्या त्याने डावा तळहात उघडला आणि डोळे बारीक करून बराच वेळ वाचत बसला. मग त्याने मान वर केली.

"म्हणजे जिंकलीस की तू," तो म्हणाला.

भाचीने मावशीकडे पाहिलं. नापासबाईने त्याची चप्पल नीट सरळ करून त्याच्या पायात सरकवली.

"हो," ती म्हणाली. "जिंकले. चला, अजून अकरा पायऱ्या आहेत. पाय जपून टाका."